इजा करण्यास असमर्थ असा एक चाकू

सोमवारी सकाळी व्याह्यांचा फोन आला, तेव्हा केंजेताय हवामान केंद्राच्या गच्चीवर पाऊस मोजायच्या भांड्यातून एक मेलेली गांधीलमाशी काढत होता.

"कुदा!" कुदा म्हणजे व्याही. ओराल्बाय फोनवर बोलत नसत, डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारत. "शनिवारी दुपारी या. मेंढी निवडून ठेवली आहे. डोकं तुमच्यापुढे ठेवणार, आणि शेपटाची चरबी-कलेजी मी माझ्या हातानं तुमच्या तोंडात घालणार. मग पोरगी आमची!"

केंजेतायला फार आनंद झाला. तो साधारण अर्धं मिनिट टिकला. मग त्याच्या मनात 'डोकं' हा शब्द शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं येतं. ते त्यानं स्वतः कापून माणसं ओळखून वाटायचं असतं. केंजेतायच्या घरी हे काम थोरला भाऊ करायचा, पण तो गेल्या वर्षी मुलाकडे उत्तरेला राहायला गेला आणि जाताना घरातलं थोरलेपण केंजेतायच्या गळ्यात घालून गेला. त्यानंतर एकदाच, केंद्राच्या एका मेजवानीत, केंजेतायनं उसना चाकू घेऊन डोक्याला हात घातला होता. कान सुटला आणि केंद्रप्रमुखांच्या चहात पडला. सव्वीस वर्षं वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या माणसाला त्या कानाचा वेग आणि दिशा आजही बिनचूक सांगता आली असती. पण तसं कुणी विचारलं नाही, सगळे नुसते हसले.

"केंजेके," बायको झिबागुल संध्याकाळी म्हणाली, "व्याही मेंढ्यांतला माणूस. त्यांच्याकडची शेंबडी पोरं मेंढी सोलतात. तिथं तुम्ही चाकू मागायला हात पुढे केलात की संपलं. तोल्गानायला सासरी जन्मभर ऐकवतील, तुझ्या बापाच्या खिशात साधा चाकू नव्हता म्हणून."

"अगं, डोक्याबरोबर यजमान देतातच की चाकू."

"देतात. आणि मग बघत बसतात."

व्याह्यांचा झगा, विहीणबाईंची शाल, मुलांची मिठाई एवढं घेऊन झाल्यावर घरात आठ हजार तेंगे उरले होते. ते झिबागुलनं नवऱ्याच्या हातावर ठेवले. "यात चाकू बसवा," ती म्हणाली, "आणि येताना कांदे आणा."

आता खरं तर केंजेतायनं खचायला हवं होतं. पण झालं उलटंच. लहानपणापासून त्याला घडीचा चाकू हवा होता, आणि पन्नाशी उलटल्यावर तो घेण्यासाठी एक अत्यंत प्रतिष्ठित, जवळजवळ राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणावं असं कारण मिळालं होतं. त्या रात्री त्यानं आखीव कागदावर सात रकाने पाडले: पोलाद, धार, खीळ, खटका, मूठ, वजन, किंमत. शाळेतल्या मुलासारखा तो मध्येच उठून खिडकीशी जाई आणि मूठ मिटून उघडून पाही. झिबागुलनं दोनदा विचारलं, मुंग्या आल्यात का.

तळमजल्यावर पेर्नेबेक-आगा राहत. तीस वर्षं खाणीत काढलेली, आता निवृत्त, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल मत तयार. त्यांनी सात रकान्यांचा कागद पाहिला, उलटा केला आणि त्यावर चहाची वाटी ठेवली.

"हे बघ पोरा. चमक बघू नकोस. मुठीवर गरुड असेल तर त्या दुकानात थांबूच नकोस. पातं उघड आणि डावी-उजवीकडे हलव. डुललं तर ठेवून दे. मग मिटव आणि वरून बघ, फटीत मधोमध बसलंय का. एका अंगाला घासत असेल तर ठेवून दे. मग धार नखावर टेकव. घसरली तर ठेवून दे, रुतली तर घे."

"आणि किंमत, आगा?"

"बरा चाकू वीस हजार."

"माझ्याकडे आठ आहेत. त्यातच कांदेही आणायचे आहेत."

पेर्नेबेक-आगांनी त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि कागदावरची वाटी उचलून चहा संपवला. "मग फक्त नख घेऊन जा," ते म्हणाले.

मंगळवारी केंजेताय अर्ध्या दिवसाची रजा काढून बाजारात गेला. पहिल्या दुकानात गरुड होते. दुसऱ्यात गरुड, होकायंत्र आणि बाटली उघडायची सोय असलेला एक चाकू होता. त्यानं बाटली उघडत असावी, कारण कागद त्याच्यानं कापला गेला नाही. तिसऱ्या दुकानात एक परदेशी नावाचा चाकू सहा हजाराला मिळत होता, पण त्या नावातली दोन अक्षरं दोन्ही बाजूंना वेगवेगळी होती. केंजेताय प्रत्येक पातं हलवून बघे, फटीत डोकावे, नख टेकवे आणि रकान्यात नोंद करी. दुपारपर्यंत त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख किसणीवर घासल्यासारखं झालं होतं आणि दुकानदार एकमेकांना खुणावून सांगत होते की तपासणीखात्याचा माणूस आलाय.

शेवटच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं मात्र त्याला बसवलं. "आठ हजारात?" तो म्हणाला. "आठ हजारात चाकूचा फोटो मिळेल. बस, खरबूज खा."

आणि त्यानं खरबूज कापलं. ते कापलं म्हणण्यापेक्षा खरबुजानं स्वतःहून दोन व्हायचं ठरवलं म्हणावं, इतकं बिनबोभाट. केंजेतायच्या हातातली फोड तशीच राहिली. म्हाताऱ्याच्या हातात एक काळपट पडलेल्या पात्याचा घडीचा चाकू होता, मूठ जर्दाळूच्या लाकडाची, पितळी खीळ, कसलंही नाव नाही. दुकानात साठ चाकू टांगलेले, पण विकणारा स्वतः कापताना त्यांतल्या एकालाही हात लावत नव्हता. केंजेतायनं फोड खाली ठेवली.

"हा दाखवा."

"हा माझा आहे."

"म्हणूनच."

म्हाताऱ्यानं नाइलाजानं दिला. पातं डुललं नाही. मधोमध बसलं. नखात असं रुतलं की केंजेतायला टाचेपर्यंत कळलं. उघडताना खटका असा बोलला की शेजारच्या टपरीवरच्या बाईनं मान वर केली. केंजेतायनं तो पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. सात रकाने तो केव्हाच विसरून गेला होता.

"आठ हजार देतो," तो म्हणाला, "आणि मी हवामान केंद्रात आहे. तुम्हाला वर्षभर पावसाचा अंदाज फुकट सांगेन."

"अंदाज तुम्ही सांगता होय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "मग नऊ हजार."

शेवटी आठ हजार रोख आणि अंदाज न सांगण्याचं वचन यावर सौदा पटला. कांदे आले नाहीत. घरी पोचेपर्यंत त्यानं बसमध्ये खिशातल्या खिशात तो अकरा वेळा उघडून मिटवला, बाराव्या वेळी अंगठा मध्ये आला. झिबागुलनं पट्टी बांधली आणि कांद्यांचं विचारलं. केंजेताय म्हणाला, "धार बघितलीस का?" रक्त थांबत नव्हतं, पण असा आनंदी चेहरा झिबागुलनं लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता. कांद्यांबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी त्याला तो कामावर नेण्याची काही गरज नव्हती. पण चहात पडलेल्या कानाच्या साक्षीदारांना नुसतं एकदा दाखवायला काय हरकत होती? हरकत दारातच उभी होती. केंद्राच्या इमारतीत महिन्यापूर्वी आणखी एक खातं राहायला आलं होतं आणि येताना धातू ओळखणारी कमान व एक अत्यंत प्रामाणिक पहारेकरी घेऊन आलं होतं. कमान ओरडली. पहारेकऱ्यानं चाकू उघडला, खटका वाजवला आणि त्याच्याही डोळ्यांत क्षणभर तीच चमक आली.

"फार छान आहे," तो म्हणाला. "कागद?"

"कसला कागद?"

"हे शस्त्र नाही असा कागद. कागद असला की हा चाकू. नसला की शस्त्र."

"अरे, मी रोज तुला सलाम करतो!"

"म्हणून तर नुसता ठेवून घेतोय," पहारेकरी म्हणाला आणि चाकू पाकिटात घालून त्यावर मोहोर मारली.

गुरुवारचा दिवस त्या पाकिटामागं गेला. तपासणी कक्ष दुसऱ्या इमारतीत होता. अर्जात चाकूचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव आणि खरेदीची पावती मागितली होती. केंजेतायनं क्रमांकापुढे 'नाही', नावापुढे 'माहीत नाही' आणि पावतीपुढे 'खरबूज खाताना घेतला' असं खरं खरं लिहिलं. त्याच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद नव्हती. कारकुनानं तिसरं उत्तर मोठ्यानं वाचलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग पातं मोजायची वेळ आली. कारकुनाची पट्टी टोकाला झिजली होती. तो एकच्या खुणेपासून मोजत होता आणि तो एक नंतर वजा करत नव्हता. गप्प बसला असता तर केंजेतायचं काम तिथंच झालं असतं, की न होता वाढलं असतं, हे आपण सांगू शकत नाही. पण तो गप्प बसलाच नाही. उपकरणं बिनचूक का असावीत यावर त्यानं सुमारे चार मिनिटं भाषण केलं. त्यात वाऱ्याचे तीन दाखले होते. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. शेवटी उभं राहिल्यावर केंजेतायला वाटलं, निदान पुढच्यांची पाती तरी आता खरी मोजली जातील. तसं झालं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी कागद मिळाला. त्यावर निळा शिक्का होता आणि मजकूर असा होता: 'सदर वस्तू तपासली असता ती मनुष्यास इजा करण्यास असमर्थ असून शोभेच्या उपयोगाची आहे.'

केंजेतायनं तो दोनदा वाचला. काम झालं होतं, चाकू सुटला होता, आणि तरी त्याचे कान तापले. स्वतःच्या मुलाला शाळेनं 'मठ्ठ पण निरुपद्रवी' असा शेरा दिला तर बापाला कसं वाटेल?

"असमर्थ?" त्यानं पट्टी बांधलेला अंगठा खिडकीतून आत घातला. "मग हे काय आहे?"

"ती तुमची असमर्थता," कारकून म्हणाला आणि खिडकी लावली.

उद्यावर मेजवानी आणि सराव शून्य. खऱ्या डोक्यासाठी पैसे नव्हते, म्हणून झिबागुलनं एक कोबी पुढे ठेवला. त्याला तिनं कालच्या पोळीचे दोन कान टोचले आणि डोळ्यांच्या जागी मनुके लावले. पेर्नेबेक-आगा परीक्षक म्हणून आले. त्यांनी आधी चाकू घेऊन वाटीच्या तळाच्या खरखरीत कडेवर धार लावली. मग केंजेतायचा पट्टा ताणून त्यावर पातं फिरवलं आणि चौथ्या फेऱ्याला पट्ट्याचे दोन झाले.

"धार लागली," ते समाधानानं म्हणाले. "पट्टा माझा घालून जा."

सराव सुरू झाला. आधी आशीर्वादाचे शब्द, मग उजवा गाल, मग कान घरातल्या सगळ्यात लहानाला. लहान म्हणून पेर्नेबेक-आगा बसले होते. "माझा कान जाड दे," ते म्हणत. हळूहळू केंजेतायचा हात बसला. चाकू लोण्यातून जावा तसा जात होता, आणि त्याच्या अंगात असं काही संचारलं की त्याला थांबवेना. झिबागुललाही ते सोयीचंच होतं. "चिरताच आहात तर पूर्ण चिरा," ती म्हणाली, "मला सूप करायचंय." दुसरा कोबी आला, तिसरा शेजारणीनं पाठवला. तिन्ही त्यानं अगदी देठापर्यंत चिरून संपवले. असा बारीक, एकसारखा चिरलेला कोबी त्या इमारतीत कुणी पाहिला नव्हता.

शनिवारी दुपारी व्याह्यांच्या घरी वीस-बावीस माणसं जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसली होती. पेर्नेबेक-आगांचा खाणीतला रुंद पट्टा केंजेतायला दोन वेढे बसत होता आणि त्यामुळे त्याला श्वास जपून घ्यावा लागत होता. मग ओराल्बाय स्वतः मोठं ताट घेऊन आले. वाफाळलेलं डोकं, तोंड केंजेतायकडे. शेजारी यजमानांचा चाकू ठेवलेला.

केंजेतायनं आशीर्वादाचे शब्द म्हटले. यजमानांचा चाकू अदबीनं बाजूला सरकवला. आणि खिशातून स्वतःचा काढून उघडला.

खटका बोलला. एका मेंढपाळ काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. ओराल्बायच्या भुवया वर गेल्या. झिबागुल पलीकडे बायकांत बसली होती, तिनं मान ताठ केली.

उजवा गाल पानासारखा सुटला. कान सुटला आणि उडाला नाही. तो एका तीन वर्षांच्या पोरीच्या हातात गेला आणि ती खुदकन हसली. डावा गाल व्याह्यांच्या भावाला, टाळू मुलींना, डोळे दोन म्हाताऱ्यांना. "वा!" कुणीतरी म्हणालं. केंजेतायच्या कानांत तो 'वा' गोड घंटेसारखा वाजला. पातं हाडाच्या कडेनं सरकत होतं, त्याला अडचण म्हणून कुठे येत नव्हती, हात आपसूक चालत होता. कपाळावरचं मांस, जबड्यामागचं, हनुवटीखालचं. जे दिसेल ते कापावं आणि जो दिसेल त्याला द्यावं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या मेजवानीत मध्यभागी बसला होता आणि लोक त्याच्या हाताकडे बघत होते. केवढं सुख होतं ते!

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी केंजेतायला चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होती आणि नेमकी तेव्हा ठाऊक नव्हती. डोकं संपवायचं नसतं. मानापुरतं कापायचं, थोडं थोडं वाटायचं, आणि भरलेलं डोकं यजमानांना परत करायचं, की तुमच्या घरी भरपूर आहे, आम्ही तृप्त झालो. कोबी मात्र कुणी कुणाला परत करत नसतं.

त्यानं दोन्ही हातांनी ताट उचलून व्याह्यांपुढे धरलं, तेव्हा त्यात एक पांढरीशुभ्र, धुतल्यासारखी स्वच्छ कवटी होती.

रिकामी कवटी परत करणं म्हणजे यजमानाला भर पंगतीत सांगणं, की तुझ्या घरी आम्ही उपाशी राहिलो. झिबागुलनं डोळे मिटून घेतले. टोमणा टाळायला म्हणून चाकू घेतला, आणि त्याच चाकूनं बापानं लेकीसाठी सात पिढ्या पुरेल असा टोमणा कापून ठेवला होता.

ओराल्बायची ऐंशी वर्षांची आई भिंतीशी उशीला टेकून बसली होती. तिनं वाकून ताटात पाहिलं.

"पोरा," ती लेकाला म्हणाली, "आता कुत्र्याला काय घालशील?"

कुणी हसलं नाही, कारण ओराल्बाय हसले नव्हते. ते ताटाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला.

"कुदा, चाकू बघू."

केंजेतायनं दिला. ओराल्बायनी पातं डावी-उजवीकडे हलवलं. मिटवून वरून पाहिलं. नखावर टेकवलं. पुन्हा उघडलं, आणि खटका ऐकून त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

"चाळीस वर्षं मेंढ्या कापतोय," ते म्हणाले, "पण अशी कवटी मी कुणाच्या हातची पाहिली नाही. तुम्ही माझी लाज काढलीत, कुदा. ती भरून द्यायला लागेल." ते थांबले. "हा चाकू मी मागतो."

व्याह्यानं व्याह्याकडे काही मागितलं, तर नाही म्हणायचं नसतं. हे सगळ्या घराला माहीत होतं, केंजेतायलाही आता नीट आठवत होतं. त्याचा हात नकळत चाकूच्या दिशेनं अर्धा गेला आणि हवेत अडकला. चारच दिवस झाले होते. त्यातले अडीच दिवस तो मोहोरबंद पाकिटात होता. पलीकडून झिबागुल त्याच्याकडे बघत होती. घरी तोल्गानाय फोन हातात धरून बसली असेल, हेही त्याला दिसलं.

"तुमचाच आहे," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून निळ्या शिक्क्याचा कागद काढून तोही दिला. "याचा कागद आहे. जपून वापरा. कागदात लिहिलंय त्यावर जाऊ नका."

ओराल्बायनी कागद वाचला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. 'मनुष्यास इजा करण्यास असमर्थ' इथवर येईपर्यंत मेंढपाळ काका आडवे झाले होते. हसण्याचा असा लोंढा आला की भिंतीवरचा गालिचा हलला. "दुसरी मेंढी काढा!" ओराल्बाय ओरडले. "माझ्या व्याह्याची भूक मोठी आहे!"

मग चरबी-कलेजीचं ताट आलं. ओराल्बायनी त्याच चाकूनं शेपटाची चरबी आणि कलेजी पातळ कापली, दोन्ही एकत्र धरली आणि स्वतःच्या हातानं केंजेतायच्या तोंडात घातली. चाकू त्यांच्या दुसऱ्या हातात चमकत होता. केंजेताय चावत होता, चाकूकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मुलीचा बाप आहे," म्हातारी म्हणाली आणि तिनंही डोळ्यांना शालीचं टोक लावलं. तिचं पाहून विहीणबाई रडल्या, मग शालींतल्या सगळ्या बायका. ओराल्बायनी चाकू कमरेला लावून व्याह्याला मिठी मारली आणि दोघांच्या पोटांमध्ये पेर्नेबेक-आगांच्या पट्ट्याचं बक्कल चांगलंच रुतलं. "माझ्या पोरीसारखी ठेवीन," ते केंजेतायच्या कानात म्हणाले, आणि या खेपेला ते अजिबात ओरडले नाहीत.

परतीच्या गाडीत झिबागुलनं हळूच विचारलं, "केंजेके, खरं सांगा. तुम्ही चाकूसाठी रडलात ना?"

केंजेताय खिडकीबाहेर बघत होता. त्याचा पट्टी बांधलेला अंगठा रिकाम्या खिशात उगाच चाचपडत होता.

"सुरुवात चाकूपासूनच झाली," तो म्हणाला. "पण ती कलेजी घशाखाली उतरली, आणि तोल्गानाय आपल्या घरची राहिली नाही हे कळलं. मग थांबवता येईना."

झिबागुलनं त्याचा हात खिशातून काढून आपल्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.